उलटी

'या-बसा' नावाच्या ऑफिसात दर सोमवारी सगळे मिळून उलटी करत. हे ऐकून नवा पाहुणा दचके, आणि पाहुणा दचकला की विश्राम टेंभेकरांना मनापासून आनंद होई. नागपूरच्या धरमपेठेतलं हे वास्तुरचनेचं ऑफिस त्यांनीच काढलेलं. आल्या माणसाला या म्हणता आलं आणि बसा म्हणता आलं की इमारतीचं काम झालं, बाकी सगळी सिमेंट-वाळू, असं ते सांगत. उलटी ही रीतही त्यांचीच. शाळेचं काम आलं की आधी शाळा काढायचीच नाही, आधी जगातली सगळ्यात वाईट शाळा कागदावर काढायची. सगळ्या ऑफिसने मिळून, हसत-खिदळत, एकमेकांवर कडी करत. मग तो नकाशा भिंतीवर लावायचा आणि त्यातली एकेक गोष्ट उलटवत चांगल्या शाळेपर्यंत यायचं.

"चांगलं काय, यावर दोन माणसांचं कधी जमत नाही," दादा म्हणायचे. ऑफिसात सगळे टेंभेकरांना दादाच म्हणत. "वाईट काय, ते मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. तिथून निघा नं."

त्या वाईटात कालिंदी मोहरीलचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचं पोट लहानपणापासून भलतं नाजूक. दुसऱ्याच्या कंगव्यात केस दिसला की तिचं दुपारचं जेवण गेलंच म्हणून समजा. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस मचमच करत जेवायला लागला, तर ही पान सोडून उठायची. सासरी याच्यावरून तिची पुष्कळ चेष्टा झाली होती. पण ऑफिसात हेच पोट तिचं भांडवल ठरलं. लोकांना कशाची शिसारी येईल ते तिला आतून कळायचं, आणि तिच्या उलट्यांतून दादांनी फार सुंदर इमारती उलटवून काढल्या.

ऑफिसचा आणखी एक नियम होता. तिथे 'माझं' म्हणायचं नाही, 'आपलं' म्हणायचं. नकाशावर कोणाचं नाव नाही, कल्पनेवर कोणाचा हक्क नाही. चुकून कोणी 'माझी खिडकी' म्हणालं तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. काळे कुडते घालून 'अवकाशाशी संवाद' करणारी ही आठ माणसं या नियमावर इतकी खूश होती, की 'आपलं' म्हटल्यावर चुकीलाही धनी उरत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग ऑफिसात ते यंत्र आलं.

किळस ही फार जुनी भावना. माणूस विचार करायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून शरीर त्याला सडलेल्या मांसापासून, घाण पाण्यापासून, आजाऱ्याच्या लाळेपासून मागे ओढत आलं आहे. ही ओढ आधी पोटात उमटते. जठराला स्वतःचा ठेका असतो, मिनिटाला साधारण तीन लाटा, आणि हृदयाच्या ठोक्यांसारखाच तो विजेच्या बारीक लहरींवरून बाहेरून टिपता येतो. किळस यायची असली की आधी हा ठेका चुकतो आणि मन 'शी' म्हणतं ते नंतर. ठेका अगदी एवढासाच चुकला, तर मनाला काही कळतच नाही. माणसाला फक्त तिथून जरा बाहेर जावंसं वाटतं. कारण विचारलं तर तो सांगतो, उकडतंय, फोन करायचाय, पाय मोकळे करायचेत.

यंत्र म्हणजे पोटाला बांधायचा एक पट्टा, डोळ्यांवर चष्मा, नाकाशी वासाची नळी आणि हाताखाली एक फळी. या फळीचा स्पर्श आणि ऊब हवी तशी बदलता येई. चष्म्यात अजून न बांधलेली खोली दिसायची. माणूस तिच्यात हिंडायचा, आणि संगणक त्याच्या पोटाचा ठेका बघत खोलीतली एकेक बाब बदलत जायचा. कागदोपत्री यंत्राचं नाव 'रुची' होतं. ऑफिसात त्याला 'मळमळ' म्हणत. दादांनी ते चांगल्या कामासाठी घेतलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. कर्करोगाच्या औषधांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी त्यांना असा वॉर्ड करायचा होता, जिथे मळमळ कमी व्हावी. तो त्यांनी केला, आणि तिथे रुग्ण खरोखर दोन घास जास्त जेवायला लागले.

यंत्र बसवायला आलेल्या डॉ. नूपुर हजारे यांनी जाताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. पट्टा रोज तीच ती माणसं बांधत असतील तर पोट सरावतं, तेव्हा चाचणीला बाहेरची माणसं बोलवा. दादांनी हसून मान हलवली आणि त्या गेल्यावर म्हणाले की बाहेरचा माणूस आपली उलटी काय करणार. सगळ्यांना ते पटलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं आपल्याच हातांनी करायचं, ही तर ऑफिसची शान होती. पट्टा आठांनी वाटून घेतला, आणि सगळ्यात जास्त बांधला तो कालिंदीने.

वर्धा रोडवरच्या एका ट्रस्टच्या इस्पितळाचं काम आलं ते त्याच सुमारास. नातेवाइकांसाठी प्रतीक्षालय बांधायचं होतं. गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतची माणसं पेशंट घेऊन यायची आणि आठवडेच्या आठवडे जिन्यात, व्हरांड्यात, लिफ्टच्या तोंडाशी पथारी पसरायची.

सोमवारी कालिंदीने उलटी केली. तिच्या प्रतीक्षालयात नजरेला खटकेल असं काहीही नव्हतं. बाकं मात्र कायम अंगाच्या उबेची. बसावं तेव्हा वाटावं, कोणीतरी घामट माणूस नुकताच इथून उठून गेला आहे. भिंतीवर बारीक छिद्रांची नक्षी, लांबून शोभिवंत, पण जवळून सुजलेल्या कातडीसारखी. कठड्याला ओलसर चकाकी, हात लावला तर कोरडा. दिव्यांत हिरवटपणाचा एक अंश, त्यात शेजाऱ्याचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसायचा. आणि थंड हवेच्या झोतात नासलेल्या दुधाचा अंश, नाकाला कळणार नाही इतका बारीक. यंत्राने यातल्या प्रत्येक गोष्टीचं माप असं बसवलं की पोटाचा ठेका चुकावा पण तोंडातून 'शी' निघू नये. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. मग रीतीप्रमाणे एकेक गोष्ट उलटवून त्यांनी गार बाकांचं, मऊ उजेडाचं, खरोखर प्रसन्न असं प्रतीक्षालयही काढलं.

ट्रस्टचे सचिव अजिंक्य राजूरकर नकाशे बघायला आले, तेव्हा कोणाच्या तरी चुकीने त्यांच्या चष्म्यात आधी उलटी लागली. ते थोडा वेळ त्या दालनात हिंडले, मग चष्मा काढून म्हणाले, "विचित्रच आहे. वाईट काही दिसलं नाही, पण माझे पाय दाराकडेच वळत होते." दादांनी गमतीत खुलासा केला. राजूरकर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा चष्मा चढवला, पुन्हा काढला, आणि हेच बांधा म्हणाले. इस्पितळात रोज रखवालदारांची नातेवाइकांशी हाणामारी होते, पेपरात फोटो येतात. इथे काठी नको, पाटी नको, शब्दही नको. हवा थंड, बाकं नवी, आणि तरी कोणी मुक्काम ठोकणार नाही.

कालिंदी नाही म्हणाली असती, दादा नाही म्हणाले असते, तर गोष्ट इथेच संपली असती. दादांनी टेबलावरचे दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले. मग म्हणाले, "उलटी झाली म्हणून काय, तीही आपलीच आहे." कालिंदीच्या पोटात त्या क्षणी गोळा आला होता. पण तो विरून जाईपर्यंत ती बोलली नाही, आणि विरल्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

दालन बांधून व्हायला दोन वर्षं गेली. तेवढ्यात बातमी पसरली आणि कामांची रीघ लागली. बँकेला म्हातारे पेन्शनर फार वेळ बसायला नको होते. मॉलला कॉलेजची पोरं नको होती, बागेला दुपारी झोपणारे मजूर नको होते. ऑफिसने याला 'मृदू निरोप' असं गोंडस नाव दिलं. त्यावर एक पारितोषिक मिळालं, आणि मानपत्रात 'मानवी वर्तनाशी हळुवार संवाद' असे शब्द होते. ते वाचताना एकालाही हसू आलं नाही. सोमवारी आता नकाशे कोणी उलटवत नसे. उलटी केली की काम संपायचं, आणि मंडळी चहाला जायची.

या दोन वर्षांत एक गोष्ट चालली होती, ती कोणाला दिसली नाही. शवागारात काम करणारा माणूस शवागारापुरता सरावतो, घरी आंबलेली भाजी त्याला नकोच वाटते. इथे किळस कशाची येतेय हेच मनाला ठाऊक नव्हतं, कारण यंत्र तिला मनाखालीच ठेवत होतं. म्हणून पोट सरावलं ते सगळ्यालाच. आणि पोटं निबर होत गेली तसं, ठेका चुकेपर्यंत यंत्र मात्रा वाढवत गेलं. त्याला कुठे ठाऊक होतं की जग अजून नाजूकच आहे.

होळीही झाली नव्हती आणि नागपूर भाजून निघत होतं. उन्हाळा आता असाच आधी येई. एका रात्री जेवताना कालिंदीचा नवरा निरंजन पहिल्याच घासाला थुंकला. वरण सकाळचं होतं, बाहेर राहिलं होतं, आंबून त्याला फेस आला होता. त्याने समोर पाहिलं तर कालिंदीची वाटी संपत आली होती.

"तुला वास नाही आला?" त्याने विचारलं.

"आला ना," ती म्हणाली. "मग?"

निरंजनने आपलं ताट बाजूला सारलं. हिच्यासाठी तो बारा वर्षं दूध दोनदा हुंगून चहात घालत आला होता. त्याने उठून तिची वाटी काढून घेतली आणि डॉक्टरकडे जाऊ म्हणाला. काम फार झालंय, लक्ष नव्हतं, असं तिने सांगितलं. निरंजनने तो विषय पुन्हा काढला नाही, पण त्या दिवसापासून ती जेवत असताना तो तिच्या ताटाकडे बघायचा नाही.

प्रतीक्षालय उघडून महिना झाला तेव्हा कालिंदी एकटीच तिथे गेली. काचेच्या आत दालन थंडगार, चकचकीत आणि रिकामं होतं. माणसं होती ती बाहेर. भर उन्हात, गाड्यांच्या सावलीला, भिंतीच्या कडेला पाय पोटाशी घेऊन बसलेली. एका कडुलिंबाखाली चाळिशीची एक बाई गाठोड्याला टेकून बसली होती. कालिंदीने तिच्याशेजारी बसून नाव-गाव विचारलं. सुमित्रा मडावी, धानोऱ्याकडची. नवऱ्याला आणलं होतं. गावाहून दीर गाडी घेऊन येतोय, त्याची वाट बघतेय, असं ती म्हणाली.

आत का नाही बसत, कालिंदीने विचारलं.

"बसवत नाही जी तिथं," सुमित्रा म्हणाली. "दोनदा गेली आत. थंडं आहे, चांगलंच आहे. पण जीव कसनुसा होते. आमालेच सवय नाही असल्या चांगल्याची." मग ती गाठोड्याची गाठ चाचपत, त्याच आवाजात पुढे बोलली. "काल मालकाचं नाव पुकारलं म्हणते डाक्टरनं, त्या खोलीत. भेटून घ्या म्हणून. मी इथं होती. रातीच गेले ते, आता बाडी न्यायाची आहे."

कालिंदी उठली आणि गाडीत येऊन बसली. तिला रडू आलं, हुंदके आले. पण पोट मात्र शांत होतं. पूर्वी एवढ्याशानेही ढवळून आलं असतं, आणि आता काहीच होत नाही, हे तिला खटकलं. तिने ते दुःखावर ढकललं.

ऑफिसात जाऊन तिने दादांना सगळं सांगितलं. प्रतीक्षालय पाडून उलटवलेल्या नकाशाप्रमाणे पुन्हा करा, नाहीतर मी ऑफिस सोडते आणि यात काय आहे ते पेपरवाल्यांना सांगते, असंही म्हणाली. दादांचा चेहरा उतरला. दोन वर्षांत ते बरेच थकले होते.

"आधी तिथे रखवालदार लाथा घालून उठवायचे त्यांना," ते म्हणाले. "आता कोणी उठवत नाही. ते आपणहून उठतात."

"आपणहून नाही उठत, दादा. मी उठवते त्यांना."

"मी नाही, आपण," दादा म्हणाले. आणि चहाचा नियम आठवून की काय, जरा हसलेही.

त्या हसण्याची तिला चीड आली, आणि त्या चिडीतच तिला डब्याची आठवण झाली. 'या-बसा'त नारळ फोडून इमारत पूर्ण होत नसे. ती वापरात आली की सगळं ऑफिस डबे घेऊन तिथे जेवायला जाई; इस्पितळातलं हे जेवण अजून व्हायचं होतं. जिथे माणसाला निवांत चार घास खाता येत नाहीत ती जागा नापास, असा दादांचा कायदा. आठांतल्या एकाच्याही घशाखाली घास उतरला नाही तर काम पुन्हा करायचं. काटोलच्या एका शाळेत एकीला जेवण गेलं नव्हतं, तर दादांनी पदरमोड करून भिंत फोडून घेतली होती. कालिंदीने विचारलं, इस्पितळात माझा घास उतरला नाही तर?

"तर पाडू," दादा म्हणाले. "राजूरकरांना मी बघून घेईन. तुझ्या पोटावर माझा माझ्या पोटापेक्षा जास्त भरवसा आहे." ते मनापासून बोलत होते, यात शंका नाही. ते 'माझा' म्हणाले, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

कालिंदीला सुटल्यासारखं वाटलं. भांडायला नको, पेपरवाले नकोत. ज्या पोटाने हे दालन घडवलं तेच ते पाडणार होतं. तिने निरंजनला सांगितलं, उद्या मी जेवणार नाही, डबा नुसता न्यायचा म्हणून दे. निरंजनने वांग्याची भाजी आणि पोळ्या बांधून दिल्या.

आठही जण दालनात बाकांवर गोल करून बसले. बाकं उबदार होती. भिंतीवरची छिद्रं चमकत होती, सगळ्यांचे चेहरे हिरवट पिवळे दिसत होते. डबे उघडले. दादांनी 'या, बसा' म्हटलं, आणि जेवणं सुरू झाली. कोणीतरी ठेचा फिरवला. कोणीतरी पारितोषिक समारंभातल्या मंत्र्याची नक्कल केली, तिच्यावर हशा झाला. कालिंदी सुमित्राचा विचार करत होती. लिंबाखालचं गाठोडं, न्यायची बाडी, रिकाम्या खोलीत पुकारलेलं नाव. ते नाव काय असेल, हे तिने विचारलंच नव्हतं. आता ढवळेल, आता घसा आवळेल, म्हणून ती वाट बघत होती.

काचेबाहेर माणसं गोळा झाली होती. आपल्याला जिथे बसवत नाही तिथे खुशाल जेवणाऱ्यांकडे ती बघत होती. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला आणि मान फिरवली. एक बाप लेकराचे डोळे झाकून त्याला दूर घेऊन गेला. ही माणसं अशी का बघताहेत, ते कालिंदीला क्षणभर कळेना.

"काय, कालिंदी?" दादांनी विचारलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "उतरतो का घास?"

ती नाही म्हणणार होती. खोटं बोलायचीही तिची तयारी होती, त्या बाईसाठी तेवढं तिने नक्की केलं असतं. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, तर तोंडात वांग्याची फोड होती. डबा मांडीवर रिकामा होता. शेवटच्या पोळीने तो तिने पुसूनही घेतला होता. हे कधी झालं, ते तिला आठवेना. आठांच्या आठ डब्यांत घास उरला नव्हता.

तिने स्वतःची किळस आणायचा प्रयत्न केला. नवऱ्याचं शेवटचं दर्शन न घडलेली बाई आणि तिला दारातून हाकलणारी ही आपली उलटी, आणि आपण इथे बसून बोटं चाटतोय. शब्द सगळे बरोबर होते, एकही खोटा नव्हता. पोटाने त्यातला एकही ऐकला नाही. ते भरलं होतं आणि खूश होतं.

दादांनी सुटकेचा श्वास टाकला आणि संत्र्याच्या बर्फीचा खोका तिच्यापुढे धरला. कालिंदीने वडी उचलली. बर्फी ताजी होती, आणि तिला आणखी एक हवी होती.